देमार चित्रपट आणि मुंबईची उपनगरे

मुंबईत तयार झालेल्या चित्रपटांचा इतिहास लिहिताना पौराणिक, ऐतिहासिक, संतचरित्रात्मक आणि सामाजिक अशी वर्गवारी आता इतकी रूढ झाली आहे की, तीत न बसणाऱ्या चित्रपटांचे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. घोडदौड, मुखवटा, चाबूक, तलवारबाजी आणि धावत्या आगगाडीच्या टपावरील झुंज ह्यांवर उभ्या असलेल्या चित्रपटांना व्यवसायात ‘स्टंटपट’ म्हणत. मराठी समीक्षेने त्यांना ‘देमार’ हे विशेषण लावले. हे विशेषण लावून झाले की विचार संपला, असा प्रघात पडला. प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या वर्गाचे कलादृष्ट्या पुनर्वसन करणे हा नाही. अमेरिकेतील अल्पखर्ची ‘वेस्टर्न’ चित्रपटांशी त्याचे नाते काय होते, मुंबईच्या उपनगरांतील स्टुडिओंच्या उभारणीत त्याचा वाटा किती होता आणि बहुभाषी नगरीत तो इतका का रुजला, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम नावांकडे पाहू. ‘स्टंट’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंच्या बोलीतून वर आला. त्याची त्यापूर्वीची व्युत्पत्ती संदिग्ध आहे. त्यात मूलतः कसब दाखविण्याचा, पैज जिंकण्याचा भाव आहे. ‘देमार’ हा शब्द मात्र अस्सल मराठी घडणीचा. दोन आज्ञार्थी क्रियारूपे एकत्र येऊन त्यांचे विशेषण झाले आहे. ह्या शब्दात कोण कोणाला मारतो आणि कशासाठी, ह्याची वाच्यता नाही. मारण्याची क्रिया तेवढी उरते. ‘स्टंट’मध्ये जे कसब होते, ते ‘देमार’मध्ये गळून पडले. एका व्यवसायाच्या पोटातून आलेला शब्द आणि एका वाचकवर्गाच्या नापसंतीतून आलेला शब्द ह्यांतील हा फरक पुढील विवेचनात लक्षात ठेवावा लागेल.

अमेरिकेत ‘वेस्टर्न’चा उगम एडविन पोर्टर ह्यांच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) ह्या लघुपटापर्यंत मागे नेता येतो. ब्राँको बिली अँडरसन, विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स ह्यांनी मूकपटाच्या काळात त्याला नायक दिला. तथापि, ज्याला खऱ्या अर्थाने अल्पखर्ची वेस्टर्न म्हणता येईल, तो १९३० नंतरच्या मंदीत वाढला. एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची पद्धत तेथे सर्वत्र पडली. मुख्य चित्रपटाच्या भाड्यात उत्पन्नाचा हिस्सा असे. जोडीच्या चित्रपटाला मात्र ठराविक रक्कम मिळे. चित्रपट कितीही चालला तरी उत्पन्न ठरलेले. मग नफा मिळवावयाचा तो खर्च आवरूनच. म्हणून सुमारे तासाभराची लांबी, थोड्या दिवसांचे चित्रण, तेच नट, तेच घोडे आणि लॉस एंजेलिसच्या परिसरातील त्याच त्या टेकड्या. १९३२–३३ मध्ये वॉर्नर कंपनीने तरुण जॉन वेनला घेऊन जी मालिका काढली, तीत केन मेनार्डच्या जुन्या मूकपटांतील घोडदौडीची दृश्ये सरळ जोडून दिली. ती खपावीत म्हणून वेनचा पोशाख आणि घोडाही मेनार्डच्या पोशाखाशी व घोड्याशी जुळता ठेवला. १९३५ साली अशाच लहान कंपन्यांच्या एकीकरणातून ‘रिपब्लिक’ उभी राहिली. ह्या साऱ्या उद्योगात निसर्ग हे फुकटचे नेपथ्य होते आणि दिवसाचा उजेड हे फुकटचे प्रकाशयोजन.

हे चित्रपट मुंबईला अपरिचित नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’ (१९१४) सारख्या, भागाभागांनी दाखविल्या जाणाऱ्या साहसमालिका आल्या आणि पर्ल व्हाइट, एडी पोलो ही नावे येथील प्रेक्षकांच्या तोंडी झाली. १९२७–२८ मध्ये टी. रंगाचारियर ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपटविषयक समितीच्या अहवालात डग्लस फेअरबँक्सच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) ह्या चित्रपटाच्या अपूर्व लोकप्रियतेची नोंद आहे. मूकपटाला भाषा नव्हती, म्हणजे फक्त दृश्यांमधील मजकुराच्या पाट्या होत्या. आणि मुंबईतील प्रेक्षकांसाठी त्या एकाच वेळी अनेक लिप्यांत द्याव्या लागत. ज्या प्रेक्षकाला त्यांपैकी एकही लिपी वाचता येत नसे, त्याला कथा कळावयाची ती धावण्यातून, उडी मारण्यातून आणि झगडण्यातून. साहसपटाच्या लोकप्रियतेचे हे कारण रसिकतेच्या अभावापेक्षा अधिक साधे व अधिक महत्त्वाचे आहे.

अनुकरण हा शब्द येथे सहज वापरला जातो. तो पुरेसा नाही. परभाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत टिकतो तो त्या भाषेची ध्वनिव्यवस्था आणि विभक्ती पत्करूनच; तसेच ह्या चित्रपटप्रकाराचेही झाले. वेस्टर्नला आधार आहे तो सरहद्दीचा: वस्ती आणि रान ह्यांमधील, कायदा जेथे अजून पोहोचलेला नाही अशा पट्ट्याचा. आपल्याकडे अशी सरहद्द नव्हती. तिच्या जागी कल्पित संस्थान आले. शेरीफच्या जागी दुबळा किंवा बंदिवान राजा, जमीन बळकावणाऱ्याच्या जागी कपटी दिवाण वा सेनापती, आणि एकाकी घोडेस्वाराच्या जागी मुखवटा घातलेला, प्रजेचा कैवारी. कायदा अजून यावयाचा आहे, असे अमेरिकन कथा सांगते. कायदा होता, तो कोणी तरी हिरावून नेला आहे, असे आपली कथा सांगते. परकीय अंमलाखालील प्रेक्षकाला ह्या फरकाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हे रूपांतर घडविणाऱ्यांत कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. बाबूराव पेंटर ह्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले मास्टर विठ्ठल मुंबईस आले आणि १९२५ मध्ये स्थापन झालेल्या शारदा फिल्म कंपनीचे प्रमुख नट झाले. त्यांना ‘भारताचे डग्लस फेअरबँक्स’ म्हणत. प्रभात कंपनीनेही आरंभी ‘खुनी खंजीर’ (१९३०) हा ह्याच जातीचा मूकपट काढला होता. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा, जी. पी. पवार ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा ह्या वर्गातील थोड्या उपलब्ध मूकपटांपैकी एक असून, राज्य गमावलेल्या आणि कसरतपटूंत वाढलेल्या राजपुत्राच्या ह्या कथेत ललिता पवार नायिका आहेत. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांसाठी सर्वांस माहीत झालेल्या ह्या अभिनेत्रीचा आरंभ साहसपटांत झाला, हे आवर्जून सांगावे लागते, ह्यातच ह्या वर्गाविषयीचे आपले विस्मरण दिसून येते.

१४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि चित्रपटाला वाणी आली. त्याचे नायक मास्टर विठ्ठलच होते. परंतु त्यांच्या हिंदी-उर्दू उच्चारांच्या अडचणीमुळे त्यांच्या भूमिकेत बोलणे फारसे ठेवले नव्हते, असे सांगितले जाते. ही हकीकत गमतीची म्हणून सांगण्यात येते. भाषाभ्यासकाने तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. ज्या नटाचे सारे भांडवल शरीर होते, त्याची परीक्षा एका रात्रीत जिभेवर येऊन ठेपली. बोलपटाने उच्चारशुद्धीची एक वेस बांधली आणि मूकपटातील अनेकजण त्या वेशीबाहेर राहिले.

स्टंटपट ही ह्या वेशीतील एक दिंडी होती. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया ह्या बंधूंनी १९३३ मध्ये परळ येथील लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हिटोन स्थापन केली. १९३५ साली त्यांनी ‘हंटरवाली’ काढला, तेव्हा वितरक तो घेण्यास तयार नव्हते. तो त्यांना स्वतःच प्रदर्शित करावा लागला. नायिका मेरी इव्हान्स, म्हणजे नादिया, ऑस्ट्रेलियात पर्थ येथे १९०८ मध्ये जन्मलेली. कथेतील राजकन्या माधुरी, कपटी वजीर राजाला कैद करतो तेव्हा, मुखवटा आणि चाबूक घेऊन दीनांची कैवारी बनते. नादियाचे हिंदी शेवटपर्यंत परकेच राहिले. प्रेक्षकांनी त्याची पर्वा केली नाही. ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) मध्ये ती आगगाडीच्या टपावर लढली, ‘डायमंड क्वीन’ (१९४०) मध्ये गावगुंडांशी लढली, आणि प्रत्येक वेळी तिचे व्याकरण तिच्या हातापायांत होते. मास्टर विठ्ठलांना जी अट जाचक ठरली, ती ह्या चित्रपटप्रकाराने शिथिल केली. मुंबईसारख्या, एकाच चाळीत चार भाषा बोलल्या जाणाऱ्या शहरात ही सवलत नटाला जितकी हवी होती, तितकीच प्रेक्षकालाही हवी होती.

आता उपनगरांकडे वळू. वाडियांचा पहिला स्टुडिओ परळला, कोहिनूर आणि रणजित दादरला, इंपीरियल केनेडी पुलाजवळ. म्हणजे आरंभीची चित्रपटनिर्मिती शहराच्या बेटावरच होती. ती माहीमच्या खाडीपलीकडे गेली ह्याला तीन कारणे दिसतात. पहिले लोहमार्गाचे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा झाला आणि १९२८ च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली ह्या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. त्यामुळे अंधेरी, मालाड, बोरिवली ही गावे शहराच्या रोजच्या आवाक्यात आली. दुसरे ध्वनीचे. बोलपटाला शांतता हवी होती आणि शहर दिवसेंदिवस अधिक गोंगाटाचे होत होते. तिसरे जागेचे. भातशेती, खाजणे, टेकड्या आणि आमराया असलेल्या साष्टीच्या त्या भागात विस्तीर्ण मोकळी जमीन होती. १९३४ मध्ये हिमांशु राय ह्यांनी बॉम्बे टॉकीज मालाडला नेली. १९४३ मध्ये तिच्यातून फुटलेल्या मंडळींनी गोरेगावला फिल्मिस्तान काढली. ह्या प्रतिष्ठित संस्थांचा इतिहास लिहिला गेला आहे. त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या कमी प्रतिष्ठेच्या उद्योगाचा इतिहास मात्र विखुरलेला आहे. त्यातील तीन उदाहरणे येथे घेऊ.

पहिले अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्सचे. विजय भट्ट आणि शंकर भट्ट ह्या बंधूंची ही संस्था आज ‘भरत मिलाप’ (१९४२), ‘राम राज्य’ (१९४३) आणि ‘बैजू बावरा’ (१९५२) ह्या चित्रपटांमुळे स्मरणात आहे; पहिल्या दोहोंच्या मराठी आवृत्त्याही निघाल्या. परंतु ह्या भक्तिरसाच्या मंदिराचा पाया निराळ्या दगडांचा आहे. ‘बॉम्बे मेल’ (१९३५), ‘स्टेट एक्सप्रेस’ (१९३८) ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. १९३९ मध्ये स्वतः विजय भट्ट ह्यांनी ‘लेदरफेस’ दिग्दर्शित केला. त्यात जयराज मुखवटाधारी बंडखोराच्या भूमिकेत होते. ह्याच वर्षी अमेरिकेत जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’ने जॉन वेनला अल्पखर्ची वेस्टर्नमधून वर काढले. ‘लेदरफेस’मध्ये एक लहान मुलगी प्रथमच कॅमेऱ्यासमोर आली, तिचे नाव महजबीन. तिला ‘बेबी मीना’ हे नाव भट्ट ह्यांच्याकडेच मिळाले आणि तेरा वर्षांनी ‘बैजू बावरा’ची नायिका म्हणून मीनाकुमारी सर्वतोमुखी झाली. पुढे ज्यांनी संगीतप्रधान आणि पौराणिक चित्रपट उभे केले, त्यांचे दिग्दर्शन, व्यवस्थापन आणि नटसंच ह्यांचे शिक्षण मुखवट्याच्या आणि आगगाडीच्या चित्रपटांवर झाले, हे ह्या एका संस्थेच्या यादीवरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण चेंबूरचे. वाडिया बंधूंचा परळचा स्टुडिओ १९४२ मध्ये व्ही. शांताराम ह्यांच्याकडे गेला आणि तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. होमी वाडिया ह्यांनी त्याच वर्षी बसंत पिक्चर्स काढली. तिचा ‘हंटरवाली की बेटी’ १९४३ मध्ये आला. आणि १९४७ मध्ये चेंबूर येथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला. पाठोपाठ राज कपूर ह्यांचा आर. के. स्टुडिओही चेंबूरलाच झाला. बसंतमधून ‘हातिमताई’ (१९५६), ‘झिंबो’ (१९५८) असे चित्रपट निघाले. संस्थानाच्या जागी अरबस्तान आणि अरण्य आले, तरी घडण तीच राहिली: ठराविक नटसंच, पगारी तंत्रज्ञ, आणि एका चित्रपटासाठी केलेली सामग्री दुसऱ्यात वापरण्याची काटकसर. अमेरिकेत जोडचित्रपटाच्या भाड्याने जी शिस्त लादली, ती येथे स्टुडिओच्या मासिक पगारपत्रकाने लादली. आमचे चित्रपट गाण्यांसह दोन-अडीच तासांचे असल्यामुळे लांबीत काटकसर शक्य नव्हती, म्हणून ती पुनरुपयोगात करावी लागे.

तिसरे उदाहरण मराठी वाचकाला सर्वांत जवळचे. भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. मूकपटाच्या अखेरीस नट म्हणून आरंभ करून त्यांनी १९३८ मध्ये ‘बहादुर किसान’ने दिग्दर्शनात पाऊल टाकले आणि पुढे दशकभर अल्पखर्ची साहसपटच काढले. १९४१ मध्ये त्यांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. दादरच्या कामगारवस्तीत वाढलेल्या माणसाने तमिळ चित्रपट करावा, ही गोष्ट वरवर नवलाची वाटते; पण ज्या चित्रपटप्रकारात संवादाचे ओझे हलके आहे, त्याला प्रांताची सीमा ओलांडणे सोपे जाते, हाच तिचा सरळ अर्थ आहे. १९४२ मध्ये त्यांनी जागृती पिक्चर्स आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ काढला. राज कपूर ह्यांच्या सूचनेवरून ते सामाजिक चित्रपटाकडे वळले आणि ‘अलबेला’ने (१९५१) त्यांना कीर्ती दिली. पुढे संपत्ती गेली, जुहूचा बंगला गेला आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते दादरच्या चाळीत निवर्तले. त्यांच्या जीवनाची ही हकीकत ‘अलबेला’पासून सांगण्याचा प्रघात आहे. त्यापूर्वीची तेरा वर्षे आणि त्या वर्षांत त्यांच्या पदरी काम करणारे शेकडो लोक ह्या हकिकतीत येत नाहीत, कारण ते चित्रपट बहुतांशी आज पाहावयास मिळत नाहीत.

येथे विषयाच्या गाभ्याशी आपण येतो. नायट्रेटच्या जुन्या फिती सहज पेट घेत. त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीही त्या वितळविल्या जात. अमेरिकेत काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तेथील दीर्घ मूकपटांपैकी सुमारे सत्तर टक्के पूर्णतः नष्ट झाले आहेत. आपली स्थिती ह्याहून शोचनीय आहे. भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण वा अंशतः हाती असलेले तिसाच्या आसपास. ‘आलम आरा’चीही प्रत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर पुष्कळ काही गेलेले होते. आणि जे राखावयाचे त्याची निवड करताना ‘देमार’ म्हणून गणलेल्या चित्रपटाची बाजू मांडणारे कोण असणार? नाव ठेवणे आणि नाव पुसणे ह्यांत अंतर फार थोडे असते.

समीक्षेच्या नापसंतीचे कारणही तपासून पाहण्यासारखे आहे. मराठी चित्रपटसमीक्षा नाट्यसमीक्षेच्या आणि साहित्यसमीक्षेच्या कुशीत वाढली. संवाद, कथानक, बोध आणि पदे ही तिची मापे. ज्या कृतीत अर्थ शब्दांबाहेर होता, ती ह्या मापांत अर्थशून्य ठरावी, हे क्रमप्राप्तच होते. कृती आवडणे न आवडणे हा रुचीचा प्रश्न आहे. पण ज्या मापाने ती मोजली, ते माप तिच्यासाठी घडलेले नव्हते, हा पद्धतीचा प्रश्न आहे. ह्या चित्रपटांतील बरेचसे काम घाईचे, कथा साचेबंद आणि विनोद ओबडधोबड होता, हे मान्य करूनही पद्धतीची ही उणीव शिल्लक राहते.

दरम्यान ज्या भूमीवर हे सारे घडले, ती भूमीही बदलली. १९५० आणि १९५७ ह्या दोन टप्प्यांत बृहन्मुंबईची हद्द प्रथम अंधेरी-घाटकोपरच्या बाजूस आणि मग दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. मोकळ्या रानाची वस्ती झाली. घोडेस्वारांचा चित्रपट मेला नाही. ‘शोले’ने (१९७५) त्याला नवे आयुष्य दिले, पण त्याचे खडक कर्नाटकात रामनगरला होते. बसंत स्टुडिओ १९८१ पर्यंत चालला. आर. के. स्टुडिओला २०१७ मध्ये आग लागली, आणि २०१९ मध्ये ती जागा एका गृहबांधणी कंपनीने विकत घेतली. जी जमीन स्वस्त म्हणून स्टुडिओ आले, ती महाग झाली म्हणून ते गेले. उपनगराचा आर्थिक इतिहास ह्या एका वाक्यात बराचसा सामावतो.

चित्रपट गेले, स्टुडिओ गेले. तरी अभ्यासाचे साधन सर्वस्वी संपलेले नाही. चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तके, जाहिरातींचे कागद, अभ्यवेक्षण मंडळाच्या नोंदी आणि स्टुडिओंची जमाखर्चाची पाने अजून खाजगी कपाटांत व रद्दीच्या दुकानांत सापडतात. त्याहून नाशवंत साधन म्हणजे भाषा. ‘डुप्लिकेट’, ‘फायटर’, ‘एक्स्ट्रा’, ‘लाइटमन’ ह्या शब्दांना स्टुडिओच्या आवारात जे अर्थ आणि जी मराठी, गुजराती, हिंदी प्रत्ययांची जोड मिळाली, ती कोणत्याही कोशात नाही. अनेक मातृभाषांची माणसे रोज दहा-बारा तास एकत्र राबत असताना जी कामचलाऊ बोली घडली, तिचे बोलणारे आज वार्धक्यात आहेत. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात, आणि अंधेरी, गोरेगाव, चेंबूर ही स्थानके विद्यापीठापासून दूर नाहीत. चित्रपट परत मिळविणे आपल्या हाती नाही. ते घडविणाऱ्यांचे शब्द टिपून ठेवणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी उरलेला अवधी थोडा आहे.